राहिलेलं वाक्य

चौतीस वर्षं सब-रजिस्ट्रार कचेरीत दस्त वाचण्यात गेली, की माणसाचं साधं वाचन नासतं. चिदंबर राव निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तरी औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूर ते तळातल्या कारखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचत. लग्नपत्रिका आली तर आधी छापखान्याचं नाव बघत. भामा म्हणायची, "तुम्हांस एखादी गोष्ट सांगितली तरी तुम्ही तिची चतुःसीमा विचाराल."

तंजावूरला मेल वीधी या रस्त्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. राजवाड्याची भिंत तिथून हाकेच्या अंतरावर, पण घर शहाऐंशी सालचं, सिमेंटचं, पुढे दोन पायऱ्या आणि मागे विहीर. घरात दोघंच. मुलगा मुरलीकृष्ण चेन्नईला. गल्लीत मराठी बोलणारी घरं आता बोटांवर मोजण्याइतकी राहिली होती, आणि त्या सगळ्या घरांत भामेच्या बोलण्याचा दबदबा होता. साखरपुड्याची बोलणी अडली की तिला बोलावणं येई. एकदा पुण्याहून कुणी प्राध्यापकबाई आल्या होत्या. "किती जुनी भाषा बोलता हो तुम्ही!" असं त्या हरखून म्हणाल्या. भामा म्हणाली, "जुनी कशी? रोज वापरतों आम्ही."

तिचा एक नियम होता. तमिळ चपलांबरोबर दाराबाहेर. दुकानात, देवळात, बसमध्ये ती फर्डं तमिळ बोले, भाजीवाल्याला गप्प करील असं. पण उंबऱ्याच्या आत नवऱ्याशी चाळीस वर्षांत तमिळमध्ये एक वाक्यही बोललेली नव्हती. रागावलेली असली तरी नाही.

मागच्या मार्गळीत, म्हणजे धनुर्मासात, साईप्रिया घरी आली. गल्लीतलीच मुलगी, आता पस्तिशीची, बेंगळुरूच्या एका कंपनीचं इथलं काम बघणारी. कंपनी बोलायचं यंत्र बनवत होती. ते तंजावुरी मराठी बोलणार, शिकवणार, प्रश्नांना उत्तरं देणार. नाव ठेवलं होतं 'मैना'. मैनेला एक आवाज हवा होता.

"मामी, तुमच्याशिवाय दुसरं कोण आहे?" साईप्रिया म्हणाली. "तुमची नात सगळं समजते पण उत्तर इंग्लिशमध्ये देते ना? तिच्या मोबाईलवर आजीच बोलेल. रोज."

भामेला आणखी काही सांगायची गरज पडली नाही.

करार एकोणीस पानांचा होता. चिदंबर रावांनी तो दोन दिवस पेन्सिल घेऊन वाचला. अकराव्या पानावर लिहिलं होतं, की या भाषेतला या व्यक्तीचा आवाज, सर्व हक्कांसह, आज असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या प्रत्येक तंत्रात वापरण्यासाठी, केवळ आणि कायम कंपनीचा राहील. असली वाक्यं त्यांनी जन्मभर वाचली होती. खरेदीखतातही हेच असतं, झाडांसकट, विहिरीसकट, वाटेच्या हक्कासकट. अशी वाक्यं वाचताना आता त्यांच्या डोळ्याला अडखळायचं ठाऊकच नव्हतं.

"केवळ म्हणजे काय?" भामेनं विचारलं.

"म्हणजे दुसऱ्या कंपनीस द्यायचा नाही. इतकंच."

"मला कोण विचारतंय दुसरं!" असं म्हणून तिनं सही केली. तमिळ अक्षरांत, इकडच्या रीतीनं पुढे नवऱ्याच्या नावाचं एकच आद्याक्षर लावून. सी. भामा.

सहा आठवडे रेकॉर्डिंग चाललं. मागच्या खोलीच्या खिडकीला गादी लावली, पंखा बंद केला. भामेला देवनागरी वाचता येत नसे, म्हणून तिची मराठी वाक्यं तमिळ अक्षरांत छापून आणली होती. तीन हजार आठशे चाळीस वाक्यं. तहान लागण्यापासून ते पाहुण्याला जेवायचा आग्रह करण्यापर्यंत. चिदंबर राव बाहेर पेपर घेऊन बसत आणि बंद दाराआडून बायको शेकडो माणसांशी एकटीच बोलतेय असं ऐकत. संध्याकाळी ती घामानं निथळत बाहेर येई. "पुरे बाबा," म्हणे, "माझं तोंडच झिजलं."

चैत्रात मैना सुरू झाली. दर सोमवारी एक नवा पाठ येणार होता. पहिला पाठ जेवणाचा. भामेनं स्वतःचा आवाज ऐकला आणि तोंडाला पदर लावला. "अय्यो, मी अशी बोलतें काय? कान किटतील लोकांचे." चेन्नईहून नातीनं व्हिडिओवर मैनेचं वाक्य म्हणून दाखवलं, "मला मेतकूट-भात वाढ," आणि सगळे हसले.

त्याच आठवड्यातली गोष्ट. चिदंबर राव पानावर बसले होते. भामा फळीकडे हात करून म्हणाली, "तें घेऊं काय, तें..." आणि थांबली. पिवळसर पिठाची बरणी समोर दिसत होती. तिनंच दळून भरलेली.

"मेतकूट," ते म्हणाले.

"तेंच." ती हसली. पण तिनं तो शब्द म्हटला नाही.

साठीला आलेल्या बाईला एक शब्द आठवला नाही म्हणून कुणी गाव गोळा करत नाही. त्यांनीही केलं नाही. पण गुरुवारपर्यंत मीठ, ताक आणि भात हे तिन्ही शब्द बोटाच्या खुणेवर आले. चिदंबर रावांची जुनी सवय उचल खाऊन उठली. त्यांनी कोऱ्या रजिस्टरमध्ये रकाने आखले. तारीख, शब्द, कुठल्या प्रसंगी. शेवटचा रकाना आखताना त्यांना स्वतःचीच थोडी लाज वाटली. त्यात त्यांनी मैनेच्या पाठाचा क्रमांक लिहिला.

दुसऱ्या सोमवारी घरातल्या वस्तूंचा पाठ आला. बुधवारी भामेला केरसुणी म्हणता येईना. तिसऱ्या सोमवारी नात्यांचा आणि विचारपुशीचा पाठ आला, आणि मुरलीचा फोन आला तेव्हा ती "कसा आहेस" म्हणायला गेली आणि नुसता श्वास बाहेर पडला. मुरलीला वाटलं नेटवर्क गेलं. त्यानं दोनदा हॅलो म्हणून फोन ठेवला.

चौथ्या सोमवारी चिदंबर रावांनी रकाने जुळवून पाहिले. एकही ओळ चुकली नव्हती.

मेडिकल कॉलेज रोडवरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी स्कॅन काढला. स्वच्छ. मग त्यांनी भामेला तमिळमध्ये वीस प्रश्न विचारले. तिनं वीसही उत्तरं घडाघडा दिली. वर डॉक्टरांच्या टेबलावरच्या रोपट्याला पाणी घाला असंही सांगितलं. डॉक्टर चिदंबर रावांकडे वळले.

"सार, या छान बोलतात की. अडचण काय आहे?"

"घरची भाषा जातेय. मराठी."

"वयात असं होतं. कमी वापरातली भाषा आधी मागे पडते."

"ही रोज वापरातली आहे," ते म्हणाले.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. झोप लागते का, म्हणून त्यांनाच विचारलं आणि त्यांनाच गोळ्या लिहून दिल्या.

अग्निनक्षत्रम, वर्षातले सगळ्यांत तापलेले दिवस, सुरू झालं. दुपारी गल्लीतला डांबरी रस्ता मऊ पडे, राजवाड्याकडून कावळ्याचाही आवाज येत नसे. भामेचं मराठी आता पावशेर उरलं होतं, आणि तेही दर सोमवारी कमी होत होतं. ती दारात भाजीवाल्याशी वांग्यावरून कडाकडा भांडे, त्याला निरुत्तर करी, पिशवी घेऊन वळे आणि उंबऱ्याच्या आत पाय टाकला की मुकी होई. चिदंबर राव तिला म्हणाले, "तमिळमध्ये बोल. काय बिघडतं? मी कोणास सांगणार आहे?" तिनं मान हलवली. पुन्हा विनवलं तेव्हा तिचे डोळे भरले. तिचा नियम होता आणि तो मोडला तर हातात काय राहणार, हे तिला सांगता येत नव्हतं एवढंच. त्यांना ते कळलं. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

घरात भांड्यांचा आवाज तेवढा राहिला. चिदंबर रावांना कशाची आठवण येत होती म्हणाल तर तिच्या बोलण्याची. टॉवेल पलंगावर टाकला म्हणून, पेपर सांडला म्हणून, पायरीवर बसून दात कोरले म्हणून चाळीस वर्षं रोज खाल्लेली बोलणी. ते मुद्दाम टॉवेल पलंगावर टाकून बघत. ती येई, तोंड उघडी, मिटी आणि टॉवेल उचलून नेई. त्यांना रडू येई. पाठ फिरवून ते गिळत.

एका सकाळी रजिस्टर पिशवीत घालून ते साईप्रियाच्या कचेरीत गेले. जुन्या बसस्टँडजवळ, कापडदुकानाच्या वर दोन खोल्या. साईप्रियानं रकाने पाहिले. आधी ती हसायला गेली, मग हसली नाही.

"मामा, हे कसं होईल? योगायोग असेल."

"असेल. तुम्ही तो आवाज काढून टाका. मग योगायोगही थांबेल."

"काढता येत नाही. म्हणजे रेकॉर्डिंग पुसतील, पण मैना जे शिकली ते शिकली. सांबारात मीठ पडलं की परत वेचता येतं काय?" तिनं आवाज खाली आणला. "आणि ते माझ्या हातात नाही. मला फक्त रंग दिसतात."

तिनं स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. तीन हजार आठशे चाळीस बारीक चौकोन, सगळे हिरवे. एकच पांढरा.

"हा काय?"

"दोनशे बारा. मामींनी म्हटलंच नाही ते." साईप्रियाला त्याही स्थितीत हसू आलं. "ओळख करून द्यायचं वाक्य. माझ्या नवऱ्याचं नाव अमुक. किती सांगितलं, लाजून लाल झाल्या. शेवटी सोडून दिलं आम्ही."

चिदंबर राव त्या पांढऱ्या चौकोनाकडे बघत राहिले. भामेनं त्यांचं नाव कधी घेतलं नव्हतं. तिच्या आईनं वडिलांचं घेतलं नव्हतं, आजीनं आजोबांचं. नाव घेतलं तर आयुष्य कमी होतं, असं त्या बायका मानत. भामा मानत नसे, पण घेतही नसे. इतकंच नव्हे, ते नाव ज्या गावाला आहे त्या गावाचंही नाव तिच्या तोंडी नव्हतं. चिदंबरमला नटराजाच्या दर्शनाला निघाली की कंडक्टरकडे ती तिकीट मागे तिल्लैचं, गावाच्या हजार वर्षांमागच्या नावाचं. कंडक्टर हसत आणि बरोबर तिकीट फाडत. या भागातल्या कंडक्टरांना अशा बायका ठाऊक असतात.

"अर्ज करा," साईप्रिया म्हणाली. "मामींच्या सहीचा हवा. करार त्यांचा आहे."

हे त्यांना शिकवायला नको होतं. लिहून देणारानंच सही करायची असते. त्यांनी इंग्रजीत दीड पानाचा अर्ज लिहिला, भामेनं खाली सी. भामा लिहिलं आणि तो रजिस्टर पोस्टानं बेंगळुरूला गेला. घरी येऊन त्यांनी मोबाईल बंद केला, घरातलं काही ऐकू जाऊ नये म्हणून कापडात गुंडाळला आणि तांदळाच्या डब्यात ठेवला. असल्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता. डब्याचं झाकण मात्र त्यांनी दोनदा दाबून बघितलं.

वैशाखातल्या शेवटच्या सोमवारी भामेचं 'ओ' गेलं. नवऱ्याला हाक मारायचा तेवढा एक स्वर उरला होता, तोही.

त्यानंतर तीन दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमाराला, विहिरीवरची मोटर बंद पडली. चिदंबर राव लुंगी खोचून मागे गेले. मोटर ओली होती, वायरीचं आवरण उंदरानं कुरतडलं होतं आणि खटका बंद केला आहे असं त्यांना वाटत होतं. तो बंद नव्हता. त्यांनी वाकून हात पुढे केला.

"चिदंबर!"

ते जागच्या जागी थिजले. स्वयंपाकघराच्या दारात भामा उभी होती, एक हात भिंतीवरच्या खटक्याकडे दाखवत. खटक्याचा लाल दिवा चालू होता.

हात मागे घेऊन ते विहिरीच्या कठड्यावर बसले. मग त्यांच्या ध्यानात आलं की तिनं काय म्हटलं. तिच्याही आलं. तिनं दोन्ही हातांनी पदर तोंडावर दाबला आणि त्याआडून फुटेल असं हसू तिला आलं, लग्नाआधीच्या मुलीला येतं तसं. चिदंबर रावही हसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. वीज लागून मेलो असतो याचं त्यांना काही वाटलं नाही. चाळीस वर्षांनी बायकोनं नाव घेतलं, याचंच वाटलं.

त्या दिवसापासून भामेकडे एक शब्द होता आणि ती तो कंजुषी न करता वापरू लागली. चि वर जोर दिला की फिल्टर कापी तयार. शेवट लांबवला की पाणी तापलंय, न्हायला चला. दोनदा भरभर म्हटलं की दारात कुणी आलंय. टॉवेल पलंगावर दिसला की ती ते नाव असं काही उच्चारी, की त्यात टॉवेल, त्यांची आई, त्यांचं सबंध खानदान येऊन जाई. चिदंबर राव पलंगाच्या कडेला बसून ते ऐकत आणि त्यांचा जीव निवे. माणसाला किती थोडं पुरतं, असं त्यांना वाटे. अठरा दिवस असे गेले. मोबाईल डब्यातच होता.

एकोणिसाव्या दिवशी साईप्रिया सायकलरिक्षातून उतरून पायरीवरच उभी राहिली. "मामा, तुमचा फोन बंद का? कंपनीचा मेसेज आहे. अर्ज मंजुरीला लागलाय. मामींच्या वतीनं तुम्ही आज त्यांच्या नंबरवर फोन करून नक्की केलं तर पुढे जाईल, नाहीतर बंद करतील." ती आत आली नाही. जाताना तिनं मागे वळून विचारलं, "मामी बऱ्या आहेत ना?" आणि उत्तराला थांबली नाही.

त्यांनी तांदळातून मोबाईल काढला. भामा स्वयंपाकघरात होती, फोडणीचा वास येत होता. पुढच्या खोलीचं मधलं दार त्यांनी लोटून घेतलं. आज फोन केला नाही तर अठरा दिवसांचं हे सुख राहील, पण बाकीचं कधीच परत येणार नाही. केला तर ती नाव घेणं सोडील, पण कदाचित सगळं येईल. ओ, मेतकूट, नातीचं नाव. विचार करून करून त्यांचं डोकं शिणलं होतं. त्यांनी नंबर लावला.

इंग्रजीत दोन वाक्यं झाली. मग बारीकशी खरखर.

"नमस्कार. ऐकतें मी. काय पाहिजे तुम्हांस?"

ती होती. कुठलाही यांत्रिकपणा नव्हता. आवाजात तीच किंचित घाई, हातातलं काम बाजूला ठेवून बोलल्यासारखी. चिदंबर रावांनी खुर्चीचा हात धरला.

"करार... करार मागे घ्यायचा आहे. सी. भामा यांचा."

"घेऊं की. घाई कशास? बसला आहात ना?"

"हो."

"आवाज ओढलेला वाटतो तुमचा. झोप नाही काय?"

यंत्र सगळ्यांनाच असं विचारत असेल. कुणीतरी तसं लिहून ठेवलं असेल. हे त्यांना कळत होतं.

"नाही लागत," ते म्हणाले.

"मग दुपारीं पेपर घेऊन बसूं नका. डोळे मिटून पडा. जेवतां वेळेवर?"

"जेवतों."

"खोटें."

फोन ठेवायला हवा होता, किंवा कामाचं बोलायला हवं होतं. ते दोन्ही झालं नाही. अडीच महिन्यांनी ती सबंध वाक्यं बोलत होती. ताकात मीठ घालता काय, तिनं विचारलं. चेन्नईच्या पोरीचा फोन येतो काय, तिनं विचारलं. ते उत्तरं देत गेले, हळूहळू, खुर्चीत मागे रेलून. पंखा फिरत होता. किती वेळ गेला ते त्यांना कळलं नाही.

"तिचे शब्द परत मिळतील काय?" शेवटी त्यांनी विचारलं.

"विनंती नोंदवतें. सगळें रीतसर होईल."

"नोंदवा."

"नोंदवणाराचें नाव सांगा."

चौतीस वर्षं हा प्रश्न त्यांनीच खिडकीच्या आतून विचारला होता. दिवसाला साठ वेळा, सत्तर वेळा. त्याचं उत्तर लगेच यायला हवं, पाठीमागे रांग असते, ही सवय हाडात होती.

"चिदंबर राव," ते म्हणाले.

आणि ताठ बसले.

पलीकडची खरखर थांबली.

मग हसू आलं. पदरात दाबलेलं, फुटेल असं. विहिरीवरचं. ते कुणी रेकॉर्ड केलं नव्हतं. त्या दिवशी मोबाईल तांदळात होता.

मधलं दार उघडलं.

भामा दारात उभी होती. हातात कापीचा पेला, वर वाफ. ती त्यांच्याकडे बघून हाक मारत होती. ओठ सावकाश उघडत होते, मिटत होते, चार अक्षरांसाठी. तिला अजून कळलं नव्हतं.

आवाज चिदंबर रावांच्या हातातून येत होता.